वडीचा नवरदेव

"आधी नवरा-नवरी मांड गे. वऱ्हाड मागून येते."

आवाज रुक्माचा. रुक्मा म्हणजे रविताची माय, तिरोड्याकडच्या खेड्यातली, आणि आवाज पस्तीस वर्षांपूर्वीचा, पौषातल्या सकाळी गार पाण्यातून उडीद उपसून उपसून घोगरा झालेला. अंगणात खाट, खाटेवर धुतलेलं धोतर, परातीत कोहळ्याचा कीस घालून फेटलेली उडदाची डाळ, आणि नऊ वर्षांच्या रविताची पाची बोटं त्या पांढऱ्या गारव्यात बुडलेली. पहिल्या वडीला उंच टोक काढायचं, मुकुट घातल्यासारखं, तो नवरा. दुसरी बुटकी, बाजूला बारीक चिमटी, नथ असावी तशी, ती नवरी. दोघांना हळद-कुंकू लावायचं, आणि जिच्या हातून जोडी मांडली गेली तिनं आपल्या नवऱ्याचं नाव घ्यायचं. मग बाकीच्या वड्या, ओळीनं, खाट भरेस्तोवर. वाळल्यावर ती जोडी विकायची नाही, खायची नाही. हंगाम संपेपर्यंत प्रत्येक खेपेला खाटेच्या उशाशी तिला बसवायचं, म्हणजे वड्या फुटत नाहीत. "माय, मी कोनाचं नाव घेऊ?" असं रवितानं विचारलं होतं, आणि रुक्मा हसता हसता परातीवर वाकली होती. "येईन तो. घाई हाय का तुले?"

हा आवाज रविताला मंगळवारी सकाळी पावणेनऊला, गोंदियातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ऐकू आला, आणि तोही इतका स्पष्ट की तिनं गॅस बारीक केला. हातात मोबाइल होता. मोबाइलवर पुण्याच्या कुणा फाटकबाईंनी पाठवलेला फोटो होता. स्टीलच्या ताटलीत दोन वड्या. एक उंच, एक बुटकी. दोघींच्या कपाळी हळद-कुंकू. खाली लिहिलं होतं, "तुमच्या पाकिटातल्या दोन वड्यांना लाल-पिवळं काहीतरी लागलं आहे. बुरशी आहे का? कळवावे." दूध उतू गेलं ते तिला वासानं कळलं. गेली सात वर्षं ती खेडोपाडी जाऊन बायकांना पापड, लोणची, वड्या यांचे धंदे उभे करून देत होती, ग्राहकाच्या तक्रारीला पाच मिनिटांत उत्तर द्या असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगत होती, आणि स्वतः मात्र ओट्यावरचं दूध पुसत, फडकं पिळत, पुन्हा पुसत अकरा मिनिटं उभी राहिली. मग तिनं फोन लावला.

"बुरशी नाही हो," ती म्हणाली. "हळद-कुंकू आहे. ती आमची... ती जोडी आहे. नवरा-नवरी. चुकून पाकिटात आली. तुम्ही जपून ठेवा, मी कुरिअरचं बघते."

"अगंबाई," फाटकबाई म्हणाल्या. "अहो, पण एक आमच्या ह्यांनी खाल्ली. फोटो काढून मी तुमच्या उत्तराची वाट बघत होते, तेवढ्यात ह्यांनी रश्श्यात टाकली. त्यांना वाटलं काहीतरी स्पेशल असेल."

"कोणती? उंच की बुटकी?"

"उंच. का हो?"

"आणि चव?" हे रवितानं का विचारलं ते तिलाही कळलं नाही. सवयीनं विचारलं असावं. अभिप्राय घ्यायची जीभ.

"अप्रतिम," फाटकबाई म्हणाल्या.

नवरा खाल्ला गेला होता. रविता खुर्चीत बसली आणि तिला हसू आलं, असं हसू की ज्याच्या शेवटाला काय आहे ते माणसाला आधीच माहीत असतं आणि म्हणून ते लांबवत न्यावंसं वाटतं. कारण चूक कुणाची होती हे तिला पक्कं ठाऊक होतं. दरेकशाला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, ओमेश्वरीच्या घरी वड्या करणाऱ्या बायकांच्या गटाचं काम चालायचं. मागच्या आठवड्यात ऑफिसच्या अहवालासाठी फोटो हवे होते, म्हणून पॅकिंगला रविता स्वतः बसली होती. डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे, तोंडाला मास्क. मास्कमधून सुटलेल्या श्वासानं चष्मा धुकटलेला. शेवटचं पाकीट काट्यावर थोडं कमी भरलं. बाजूला एक छोटा स्टीलचा डबा होता, त्यात दोन वड्या होत्या, आणि स्वच्छतेचे सगळे नियम पाळून, काहीएक न दिसणाऱ्या रवितानं त्या उचलून पाकिटात टाकल्या होत्या. काटा बरोबर झाला होता. फोटो चांगला आला होता.

ओमेश्वरीचा फोन दुपारी आला. ओमेश्वरी गटाची अध्यक्ष, रविताहून चार-पाच वर्षांनी लहान, पण बोलायला लागली की कुणाचीही सासू वाटावी अशी.

"मॅडमजी, डब्बा रिकामा हाय."

"कोणता डबा?"

"कोनता म्हंजे? जोडीचा. उंदीर म्हनावं तं झाकन लागलेलं. नेलं कोनं?"

"ते पुण्याला गेलेत, ओमेश्वरी."

"पुन्याले? कायले?"

"पाकिटातून गेले. माझ्या हातून."

पलीकडे किसणीवर कोहळा ओढल्याचा खर्र खर्र आवाज येत होता, तो थांबला. ओमेश्वरीनं फोन जरा लांब धरून ही बातमी सांगितलेली रविताला ऐकू आली, आणि तिकडून मंगलीचा, गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचा, ठसठशीत आवाजही. "बरं झालं व! आमी जनमभर डोंगरगडच्या पल्याड नाई गेलो, अना वड्या फिराले गेल्या!" सगळ्या हसल्या. ओमेश्वरी मात्र हसली नाही. "मॅडमजी, जोडी आल्याबिगर आमी खाट टाकनार नाई. नागपूरवाल्याले सांगून द्या."

नागपूरवाला म्हणजे तिथला एक दुकानदार. संक्रांतीच्या आत त्याला तीनशे पाकिटं हवी होती. एवढी मोठी मागणी गटाला पहिल्यांदाच आली होती. दहा बायकांनी तिच्यापायी धानाच्या चुरणीची, मळणीची मजुरी सोडली होती, कोहळे ओसरीत रचून ठेवले होते, आणि ऊन असं लख्ख पडत होतं की वाया जाताना दिसावं. "मी आणते जोडी," रविता म्हणाली. "शुक्रवारी सकाळी. तुम्ही गुरुवारी उडीद भिजत घाला." हे तिनं इतक्या ठामपणे म्हटलं की फोन ठेवल्यावर तिचा तिलाच धाक वाटला. नवरदेव फाटकांच्या पोटात होता, आणि त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती.

आता यात भिण्यासारखं काय होतं? एखाद्या दुसऱ्या बाईनं सरळ सांगून टाकलं असतं, बायकांनो, नवरा खाल्ला, नवा करा. पण नवा नवरा करायचा म्हणजे पुन्हा नाव घ्यायचं, आणि गटात जोडी मांडायचा मान मॅडमचा. पहिल्याच वर्षी ओमेश्वरीनं तो तिला दिला होता. तुम्ही आल्या म्हणून धंदा आला, तुमच्या हातानं होऊ द्या. तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, भाऊजी काय करतात, आणि रविता म्हणाली होती, रायपूरला असतात, ड्यूटीवर. त्यातलं रायपूर खरं होतं. धनेंद्र फरशीच्या दुकानात नोकरीला म्हणून रायपूरला गेला होता. आधी दर रविवारी यायचा, मग महिन्यानं, मग दिवाळीला. मग एका दिवाळीला त्याच्याऐवजी फोन आला. तिथं तो ज्या बाईच्या मेसमध्ये जेवायचा, तिच्याच घरी आता राहायला गेला होता. याला सहा वर्षं झाली. रविताला रडू आलं होतं ते नंतर. आधी तिला एक विलक्षण व्यावसायिक कुतूहल वाटलं होतं. घरगुती चव, वेळेवर ताट, ठरावीक भाजी-भाताबरोबर आठवड्यातून एकदा काहीतरी गोड. ग्राहक कसा टिकवावा, या धड्यात ती जे जे शिकवायची ते सगळं त्या बाईनं न शिकता केलं होतं. महिलांच्या छोट्या खाद्य-उद्योगाचं इतकं यशस्वी उदाहरण तिला अख्ख्या जिल्ह्यात मिळालं नव्हतं, आणि ते कुठल्याही प्रशिक्षणात सांगता येण्यासारखं नव्हतं.

आणि गंमत अशी, की धनेंद्र घरात होता तोवर तिला उखाणा सुचायचा नाही. लग्नात तिनं नुसतं "धनेंद्र" म्हटलं होतं, शाळेत हजेरी द्यावी तसं, आणि नणंदांनी दार अडवून धरलं होतं. तो गेला आणि शब्द यायला लागले. पहिल्या वर्षी ओमेश्वरीच्या अंगणात, बोटांना डाळ लागलेली, ती म्हणाली होती:

धानाच्या बांधीत पाणी, पाण्यात आभाळ, आभाळाला बगळ्यांची किनार;
धनेंद्ररावांच्या ड्यूटीपायी माझा एकटीचा संसार.

बायका हरखल्या होत्या. एकीनं डोळ्यांना पदर लावला होता. पुढच्या वर्षी लोक शेजारच्या घरांतून ऐकायला आले. तिसऱ्या वर्षी तर "वडी उन्हात, पाखरू रानात, धनेंद्रराव रायपुरात, मी गोंदियात, अन् गाडी दोघांच्या मनात" यावर मंगलीनं शिट्टी वाजवली होती. दर हिवाळ्यात धनेंद्र अधिक प्रेमळ, अधिक कष्टाळू होत चालला होता. तो तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणायचा, थंडीत तिचे हात आपल्या हातांत धरायचा. खरा धनेंद्र तिच्या कुठल्याच उखाण्याला पुरला नसता. आणि टोपी घालून, मास्क लावून, नवऱ्याच्या तोंडाकडे न बघता स्वतःच्या पायावर कसं उभं राहावं हे सांगणारी रविता दर हिवाळ्यात एका गेलेल्या नवऱ्याच्या नावावर उभी राहत होती, आणि तिला मान मिळत होता.

एवढंच असतं तर ते तिनं आपल्यापुरतं गिळलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात सात दिवस आभाळ धरलं आणि खाटेवरच्या सगळ्या वड्यांवर काळे ठिपके आले. ओमेश्वरीनं शोध काढला. कुणाचं तरी नाव खोटं आहे. जोडीनंतर पहिली ओळ मांडणारीनंही नाव घ्यायचं अशी रीत, आणि ती ओळ नीतूची होती. नीतूचा नवरा, खुशाल नावाचा, तेव्हा नागपूरला बांधकामावर गेला होता, आणि तो आता परतत नाही अशी गावात कुजबुज होती. नीतूनं त्याचं नाव घेतलंच कसं? रवितानं तिथल्या तिथं हवेतल्या दमटपणावर तासभर व्याख्यान दिलं होतं. फळ्यावर ढग काढला होता. ढगातून बाण काढला होता. सगळ्यांनी ऐकलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी नीतूला खाटेवरून उठवून किसणीवर बसवलं. खुशाल होळीला परत आला, कूलर घेऊन आला, मोटरसायकलवर बांधून, सगळ्या गावानं बघितला. तरी नीतू किसणीवरच राहिली. तिचा हात गटात सगळ्यांत सारखा, तिच्या वड्या मापून काढल्यासारख्या. आणि ती दोन हिवाळे भिंतीशी बसून कोहळे किसत होती. त्या दिवशी ढगाचं चित्र काढण्याऐवजी एक वाक्य बोललं असतं तर झालं असतं. रविताला ते वाक्य येत होतं. जिभेवर त्याची चवसुद्धा माहीत होती, कच्च्या उडदासारखी, तुरट.

गुरुवारी कुरिअर आलं. दागिन्याची छोटी लाल डबी, आत कापूस, कापसात नवरी. बरोबर चिठ्ठी: "नवरी सुखरूप पाठवत आहे. ह्यांना फार वाईट वाटलं. आज त्यांनी जेवताना वडी घेतली नाही." रवितानं नवरीला ओट्यावर ठेवलं. दीड-दोन हजार किलोमीटरचा येण्याजाण्याचा प्रवास करूनही तिच्या कपाळाचं कुंकू हललं नव्हतं. एकटी परत आलेली बाई इतकी नीटनेटकी कशी राहू शकते, असं रविताच्या मनात आलं, आणि ती उगाचच स्वतःचा अंबाडा चाचपून बघायला लागली.

नवरदेव तिनं त्याआधीच, बुधवारी, केला होता. मूठभर डाळ भिजवली होती, मिक्सरमध्ये वाटली होती, कोहळ्याची एक फोड बाजारातून आणून किसली होती. फेटताना खांदा दुखला. थेंब पाण्यात सोडून बघितला, बुडला. पुन्हा फेटली, तरंगला. तेवढ्या वेळात तिला माय आठवली, मायचा वाकलेला पाठकणा, खाटेभोवती जमलेल्या बायकांचं गाणं:

पहिली माझी वडी गं, वडी नवरदेवाची,
कोहळा दिला भावानं, डाळ माझ्या शेताची;
दुसरी माझी वडी गं, नवरीबाई लाजरी,
वारा झाला करवला, ऊन झालं वाजंत्री.

गच्चीवर, जुन्या ओढणीवर, तिनं नवरा मांडला. पहिला कलला. दुसरा बसला. तिसरा बरा उभा राहिला, टोक जरा डावीकडे. त्याला हळद-कुंकू लावलं. शेजारच्या गच्चीवरून कपडे वाळत घालणारी बाई म्हणाली, "भाभीजी, एक ही बनाया? इतने में किसका पेट भरेगा?" रविता हसली. आता फक्त नाव घ्यायचं होतं. कुणी ऐकत नव्हतं. शेजारीण खाली गेली होती. यंदाचा उखाणा तयार होता, दोन महिन्यांपासून तयार होता, चांगला होता. तिनं तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. ती तशीच उभी राहिली, हात डाळीनं माखलेले, उन्हाकडे तोंड करून. दहा बायकांसमोर खोटं बोलता येत होतं. एका वडीसमोर येईना. मग तिनं चाळण उपडी घालून नवऱ्याला झाकलं, कावळ्यांपासून, आणि खाली येऊन हात धुतले. दोन दिवस तो गच्चीवर सुकत होता, बिननावाचा.

शुक्रवारी सकाळच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर पर्स, पर्समध्ये लाल डबी, डबीत दोघं. सालेकसा गेल्यावर डोंगर जवळ आले, सागाची वाळकी पानं रुळांपर्यंत आलेली दिसू लागली, आणि रवितानं डबी उघडून बघितली. नवरी पिवळसर पडलेली, मुरलेली. नवरा पांढराफटक, कालचा पोरगा, डावीकडे मान टाकून. कुणाच्याही लक्षात यावं. तिनं दोघांवर कापूस ओढला. लक्षात आलं तर काय होईल याचे तिनं हिशेबानं तीन भाग पाडले, ऑफिसच्या अहवालात पाडतात तसे. नवरा खाल्ला गेला, हे कळलं तर हसतील. हा नवरा मी केला, हे कळलं तर रागावतील, पण माफ करतील. आणि तिसरं. तिसरं कळलं तर ओमेश्वरी आज वाटलेली डाळ गाईला घालील. नागपूरची मागणी जाईल. आजवर मांडलेल्या सगळ्या वड्या एकदम खोट्या ठरतील. तिसरं कळायचं काही कारण नाही, असं तिनं ठरवलं, आणि दरेकसा आलं.

अंगणात खाट टाकलेली होती. धोतर अंथरलेलं, परात भरलेली, पहाटेपासून फेटून फेटून डाळ ढगासारखी फुगलेली. भिंतीशी नीतू, पुढ्यात अर्धा कोहळा. ओमेश्वरीनं रविताला पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि दोन्ही हात पुढे केले. रवितानं डबी दिली. डबी हातोहात फिरली. "भल्ली सुंदर डब्बी व! आमच्या लग्नात नवरदेवाले एवढं कोनं नाई सजवलं." मग ती मंगलीच्या हातात आली. मंगलीनं कापूस बाजूला केला. नवरीला बघितलं. नवऱ्याला उचललं, नाकाशी नेलं, उन्हात धरलं, नखानं टोकाशी खरवडलं.

"हा आपला नोहे."

"पाट्यावरची डाळ नोहे हे. मिशिनीतली होय. अना मान पाहा याची, मॅडमनं काढलेला ढग असाच डावीकडे गेला होता." मंगलीनं रविताकडे बघितलं, सरळ, न रागावता. "पहिला कोठी गेला जी?"

"खाल्ला," रविता म्हणाली. "पुण्याच्या बाईंच्या नवऱ्यानं. रश्श्यात. हा मी बुधवारी गच्चीवर केला. तुमचं काम थांबू नये म्हणून केला."

मग कुणाच्या तरी पोटातून हसू फुटलं आणि ते अंगणभर लागत गेलं. "खाल्ला? नवरदेव खाल्ला?" "चव सांगतली का नाई त्यानं?" "अप्रतिम म्हणाल्या," रविता म्हणाली, आणि बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. नीतूनंसुद्धा किसणी बाजूला ठेवली. ओमेश्वरी हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला. पाणी पिऊन, डोळे पुसून ती पुन्हा अध्यक्ष झाली. "हसनं झालं. आता नवरी रांड झाली त्याचं काय? रांडेच्या उशाशी वड्या कशा मांडाच्या?"

"पाट लावा," मंगली म्हणाली. "आमच्यात नवरा मेला तं बाई काय उन्हात वाळत बसते? रेवाराम गेल्यावर माह्यासाठी तीन जन आले होते, मीच नाई म्हटलं. तुमच्या पोवारांतबी लावत होते पाट, माह्या डोळ्यांनं पाहिलं हाय. दुसरा नवरा हाय ना आनलेला, गोंदियावरून, गाडीनं आलेला, तिकीट काढून. मान डावीकडे हाय तं हाय."

यावर बरीच चर्चा झाली. पाट सकाळचा लागतो का. हळद पुन्हा लावायची का. नवरीला विचारलं का. शेवटी ओमेश्वरीनं ओसरीतून नव्या कापडाचा तुकडा आणला, खाटेच्या उशाशी अंथरला, आणि दोघांना शेजारी शेजारी बसवलं. नवरा कलला, मंगलीनं त्याच्या पाठीशी उडदाचा एक दाणा लावून त्याला सरळ केला. ऊन ओसरीच्या पायरीवर चढलं होतं. परातीतली डाळ आता थांबणार नव्हती; कडेनं बारीक बुडबुडे यायला लागले होते.

"याले घालताना नाव घेतलं होतं का जी?" ओमेश्वरीनं विचारलं.

"नाही."

"काऊन?"

"एकटी होते."

"मंग आता घ्या. ज्याच्या हातचा नवरा त्यानंच नाव घ्यावं लागते. घ्या मॅडमजी, भाऊजींचं नाव घ्या, तं आमी मांडाले सुरुवात करतो. यंदाचा चांगला लांब असला पाहिजे, तीन दिवस वाट पाहिली आमी."

बायका सरसावून बसल्या. कुणीतरी लेकराला गप्प केलं. शेजारच्या कुडावरून दोन डोकी वर आली. रविताला यंदाचा उखाणा आठवला, तो आपोआप जिभेवर आला, सगळ्या यमकांसकट, बस स्टँडवरचा माणूस बस दिसल्यावर उठतो तसा. त्यात रायपूरची थंडी होती, त्यात शाल होती. तिनं बायकांकडे बघितलं. सगळ्यांचे चेहरे उघडे होते, भुकेले होते, प्रेमानं भरलेले होते. असे चेहरे तिला ऑफिसात कुणाचे दिसत नव्हते, घरी तर कुणाचेच नाही. फक्त नीतू बघत नव्हती. नीतूनं नाव घ्यायची वेळ आली की खाली बघायचं हे दोन वर्षांत शिकून घेतलं होतं. तिनं किसणी पुन्हा पुढ्यात ओढली होती आणि कोहळा हातात धरून ती थांबली होती, आवाज होऊ नये म्हणून. तिच्या बोटांना किसणीचे जुने-नवे ओरखडे होते. किती नीट थांबली होती ती, दुसरीच्या नवऱ्याचं नाव ऐकू यावं म्हणून.

"शालूला पदर," रविता म्हणाली, "पदराला..." आणि पुढचा शब्द होता, चांगला शब्द होता, तिनं तो तोंडातच ठेवला.

"विसरल्या का जी?" मंगली म्हणाली. "होते असं. वयच झालं."

"विसरले नाही." रविताचा आवाज प्रशिक्षणातला नव्हता. तिला स्वतःला तो ओळखू आला नाही; घोगरा होता, गावाकडचा होता. "नीतू, तू किसणी ठेव अना खाटेकडे ये. त्या वर्षी नाव खोटं होतं ते तुहं नोहे, माहं होतं. धनेंद्र ड्यूटीवर नाई. सहा वर्सं झाले, रायपूरले एका मेसवालीच्या घरी राहून राहिला. तो येत नाई, अना मी वाटबी पाहत नाई. दरसाल म्या तुमाले खोटंच सांगतलं."